लाडू ऐकत का नाही? घरातला बीगल आणि संशोधनाचा प्रश्न

मागच्या महिन्यात दोघा-तिघांनी मला विचारलं, "काय, पेटचं कसं चाललंय?" त्यांना विचारायचं होतं पीएचडीच्या प्रवेश परीक्षेबद्दल, आणि मी सुरू झाले कुत्र्याबद्दल. आमच्या घरात सध्या पेट म्हणजे एकच, लाडू. अडीच वर्षांचा बीगल, पांढरा-काळा-तपकिरी, लोंबते कान, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव की आठवडाभर जेवायला मिळालेलं नाही.

आज त्याच्याबद्दल लिहिते आहे, पण हा कुत्रा पाळण्याचा नुसता सल्ला नाही. सिनॉप्सिस लिहिताना जे प्रश्न तुम्हाला छळणार आहेत ते सगळे मला या कुत्र्यानं घरबसल्या पुन्हा शिकवले. माझं पीएचडीचं काम मोजमापाबद्दल आहे. आपण प्रश्नावलीनं जे मोजलं असं म्हणतो, ते खरंच मोजलं जातं का, हा माझा प्रश्न. पशुवैद्यकातली मी नाही, त्यामुळे औषधोपचाराचं काही असेल तर डॉक्टरांनाच विचारा.

आम्ही माहुलला राहतो. मामाची बदली दुबईला झाली आणि जूनमध्ये लाडू आमच्याकडे आला. सप्टेंबर संपेपर्यंत सोसायटीचं पत्र आलं. दुपारी कुत्रा सतत भुंकतो, रात्रपाळी करून आलेल्यांना झोप मिळत नाही, बंदोबस्त करावा. तक्रार खोटी नव्हती. वरच्या काकू तर म्हणाल्या, "अगं, भुंकत नाही तो, रडतो. ऐकवत नाही." आता प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, हे मला माहीत होतं. महापालिकेचा कुत्र्याचा परवानाही आम्ही काढला होता. पण नियम दाखवून शेजाऱ्यांची झोप परत येत नाही. बाबांनी पनवेलकडच्या एका ओळखीच्या माणसाला फोनसुद्धा करून ठेवला, त्यांची वाडी आहे, तिथे नेऊन सोडू म्हणाले. मी महिनाभराची मुदत मागून घेतली.

पहिल्याच दिवशी माझ्याकडे तीन उत्तरं तयार होती. बाबा म्हणाले, बीगल जातच हट्टी. आई म्हणाली, घरात वाढवताना लाडावून ठेवलाय. आणि माझं स्वतःचं मत होतं की दोष माहुलच्या हवेचा आहे.

माझं मत अगदीच हवेतलं नव्हतं. इथे १९५० च्या दशकापासून तेलशुद्धीकरण कारखाने आहेत, खताचा कारखाना जवळ आहे, रसायनांच्या साठवणुकीच्या टाक्या आहेत. माहुल आणि आंबापाडा इथल्या रहिवाशांनी हवेतल्या वायूंबद्दल हरित लवादाकडे दाद मागितली आणि डिसेंबर २०१५ मध्ये लवादानं त्यावर आदेशही दिला. काही दिवस संध्याकाळी असा वास सुटतो की खिडक्या लावून बसावं लागतं. मग आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण नाकाच्या जनावराचं काय होत असेल? वास येतो, कुत्रा बेचैन होतो, भुंकतो. किती छान जुळतं. इतकं छान जुळलं की सावध व्हायला हवं होतं, पण ते नंतर.

आधी "जातच हट्टी" याकडे बघू, कारण बीगलबद्दल कुठेही वाचा, हेच पहिलं वाक्य असतं. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात मॉरिल आणि सहकाऱ्यांचा एक मोठा अभ्यास आला. १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांनी प्रश्नावल्या भरल्या होत्या, आणि त्यातल्या २ हजारांहून अधिक कुत्र्यांची जनुकीय माहिती घेतलेली होती. निष्कर्ष असा की एकेकट्या कुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला सरासरी फक्त ९ टक्के भाग जातीनं समजावता येतो.

आता इथे थांबा, कारण हा आकडा बहुतेक जण चुकीचा वाचतात. ९ टक्के म्हणजे बीगल आणि पग एकसारखेच वागतात असं नाही. एक उदाहरण घ्या. नागपूरची माणसं सरासरीनं मुंबईकरांपेक्षा तिखट खातात असं समजू. दोन्ही शहरांतून हजार-हजार माणसं घेतली तर सरासरीतला फरक खरा निघेल. पण नागपूरहून आलेला एक माणूस तुमच्यासमोर ताटावर बसला, तर तो किती तिखट खाईल हे तेवढ्यावरून तुम्ही सांगू शकाल का? माझी नागपूरची मैत्रीण वरणभात आणि तूप सोडून काही खात नाही. गटाची सरासरी खरी असते आणि तरीही व्यक्तीबद्दलचा अंदाज कच्चा राहतो, या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. मुलाखतीत 'व्हेरियन्स एक्सप्लेन्ड' म्हणजे काय असं विचारलं तर सूत्र सांगण्यापेक्षा हे सांगा.

त्याच अभ्यासात असंही दिसलं की माणसाच्या सूचना पाळण्याची तयारी अशा काही गुणांत जातीवरून थोडा बरा अंदाज बांधता येतो. म्हणजे बाबा अगदीच चूक नव्हते. पण आणखी एक अडचण उरतेच, ती म्हणजे वागणूक कोण नोंदवतं? मालक. आणि मालकाला जात ठाऊक असते. "बीगल हट्टी असतात" असं ऐकून आलेला माणूस लाडूनं हाक ऐकली नाही की त्याला हट्टी म्हणणार, आणि लॅब्राडोरनं तेच केलं की म्हणणार लक्ष नव्हतं बिचाऱ्याचं. या अभ्यासाची मला आवडलेली बाजू म्हणजे त्यात मिश्र जातीचे कुत्रे मोठ्या संख्येनं होते. ज्या कुत्र्याकडे पाहून जात नीट ओळखता येत नाही, त्याच्या मालकाला जातीचा पूर्वग्रह उत्तरात मिसळणं अवघड जातं, आणि वंश कोणता ते जनुकं सांगतात.

लाडू नेमका कधी ऐकत नाही ते मी बघायला लागले. घरात हाक मारली की येतो. स्वयंपाकघरातून मारली तर हाक संपायच्या आत येतो. रस्त्यावर नाक जमिनीला लागलेलं असेल तर मात्र मी त्याच्यासाठी अस्तित्वातच नसते. हट्टीपणा असता तर तो सगळीकडे दिसला असता. हा तर कामात बुडालेला माणूस होता.

बीगल इंग्लंडमध्ये सशाच्या शिकारीसाठी वाढवला गेला. टोळीनं पळायचं, वास धरून ठेवायचा, आणि मागून पायी येणाऱ्या शिकाऱ्यांना लांबून ऐकू जाईल असा सूर लावायचा, हे त्याचं काम. म्हणजे आपल्याला फ्लॅटमध्ये नको असलेल्या तीनही गोष्टी, वासामागे पळणं, मोठ्यानं ओरडणं, एकटं न राहणं, यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडून काढलेलं जनावर आपण फ्लॅटमध्ये आणतो आणि मग त्याच्यावर चिडतो.

नाकाबद्दलही एक गंमत सांगते. बीगलच्या नाकात साडेबावीस कोटी गंधपेशी आणि माणसाच्या नाकात पन्नास लाख, हा आकडा तुम्हाला शंभर ठिकाणी सापडेल. सराव म्हणून त्याचा माग काढा. कोणी मोजलं, किती कुत्र्यांवर, कोणत्या साली? एकानं दुसऱ्याचं, दुसऱ्यानं तिसऱ्याचं असं उद्धृत करत जाणं कसं चालतं ते तुम्हाला एका दुपारीत कळेल. माझ्या गाइड याला पुराव्याची भेळ म्हणतात.

नाकावरची खरी संशोधनं एकमेकांशी भांडतात. २०२१ मध्ये बर्ड आणि सहकाऱ्यांनी कवट्यांमधलं एक हाड तपासलं. नाकाच्या मुळाशी चाळणीसारखं बारीक छिद्रांचं हाड असतं, त्यातून गंधाच्या नसा मेंदूकडे जातात. त्यांना दिसलं की लांडग्यांच्या तुलनेत पाळीव कुत्र्यांमध्ये हे हाड लहान झालेलं आहे, आणि वासावर शिकार करणाऱ्या जातींना यात इतर कुत्र्यांपेक्षा काही विशेष मिळालेलं नाही. पण २०१६ मध्ये हंगेरीतल्या पोल्गार आणि सहकाऱ्यांनी झाकलेल्या भांड्यांखालचं मांस वासानं ओळखायची चाचणी घेतली होती, तिच्यात वासासाठी निवडलेल्या जाती आणि लांडगे सरस ठरले. त्याच्याही आधी, २०१५ च्या एका अभ्यासात चपट्या नाकाच्या पगांनी जर्मन शेफर्डना वास ओळखण्यात मागे टाकलं, आणि ग्रेहाउंडना तर कामात रसच दिसेना.

मग खरं कोणाचं? तिघांचंही असू शकतं, कारण तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी मोजल्या. एकानं हाड, दुसऱ्यानं शिकवल्याशिवाय केलेलं काम, तिसऱ्यानं शिकवल्यानंतरचं काम. क्षमता आणि कामगिरी यांच्यामध्ये इच्छा नावाची गोष्ट असते. मला स्वतःला वाटतं की बीगलचं वेगळेपण नाकापेक्षा त्या इच्छेत जास्त असावं. वास आला की त्याला दुसरं काही सुचत नाही. लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना "अमुकनं असं म्हटलं, तमुकनं तसं म्हटलं" अशी यादी करू नका. कोणी काय मोजलं ते शेजारी शेजारी ठेवा, निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

आता माझ्या हवेच्या सिद्धांताकडे येते. मी वही केली. वर्तनाच्या अभ्यासात एक साधी पद्धत आहे, आधी काय घडलं, मग प्राण्यानं काय केलं, त्यानंतर काय झालं, असे तीन रकाने. मी चौथा रकाना जोडला, हवेतला वास, शून्य ते तीन. पहिल्या आठवड्यात माझा सिद्धांत अगदी झळकत होता. लाडू भुंकला त्या वेळी वासाला दोन किंवा तीन, शांत होता तेव्हा शून्य किंवा एक.

मग एका रात्री वही चाळताना लक्षात आलं की वासाचे गुण मीच देत होते, आणि तेही तो भुंकल्यानंतर खिडकीशी जाऊन. भुंकणं ऐकलं की मी वास शोधत होते. माहुलमध्ये शोधला तर वास सापडतोच.

दुसऱ्या आठवड्यापासून पद्धत बदलली. इमारतीखालच्या किराणा दुकानाच्या काकांना दिवसातून पाच ठरलेल्या वेळी वासाचे गुण एका कॅलेंडरवर लिहायला सांगितलं. कशासाठी ते सांगितलं नाही. ते म्हणाले, "पीएचडीचं का? मग लिहितो." घरात जुना मोबाइल रेकॉर्डिंगला लावून ठेवला. तीन आठवड्यांनी काकांचं कॅलेंडर आणि माझी रेकॉर्डिंग शेजारी ठेवली. घर रिकामं असलेल्या दुपारी लाडू वास असो नसो, ओरडत होता. मी घरी असलेल्या दुपारी वास असो नसो, माझ्या पायावर डोकं ठेवून घोरत होता.

हा काही प्रयोग नाही, हे मलाही कळतं. मी घरी असण्याचे दिवस बरेचसे सुट्टीचे, त्या दिवशी टँकरची ये-जा कमी, इमारतीत माणसं जास्त. कुत्रा एक, आठवडे तीन. पण रेकॉर्डिंगनं एक गोष्ट सांगितली जी कोणत्याच सिद्धांतात बसत नव्हती, फक्त एकटेपणात बसत होती. दार बंद झाल्यावर दोन-चार मिनिटांतच सुरुवात व्हायची. जिन्यात कोणी आलं म्हणून नाही, फेरीवाल्याची हाक आली म्हणून नाही. आधी कुईकुई, मग तो लांब सूर. टोळीपासून सुटलेला कुत्रा टोळीला हाक मारत होता. वरच्या काकूंचं निदान आमच्या तिघांपेक्षा अचूक निघालं.

यानंतर जे केलं ते थोडक्यात सांगते. एक, एकटं राहण्याचा सराव. आधी एक मिनिट दाराबाहेर, मग दोन, मग पाच, तो घाबरायच्या आत परत यायचं. ओरडल्यावर रागावणं पूर्ण बंद. दोन, जेवण वाटीत द्यायचं थांबवलं. त्याचा दुपारचा शिधा जुन्या टॉवेलच्या घड्यांत आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांत लपवून ठेवायचा, मग तो शोधत बसतो. तीन, सकाळचं फिरणं. आधी मी त्याला पट्टा ओढत नाकासमोर चालवायचे. आता पहाटे गावाच्या बाजूला नेते आणि वाट तोच ठरवतो. कोळीवाड्याकडे बांबूच्या दांड्यांवर बोंबील वाळत घातलेले असतात, ओहोटीला खाडीच्या चिखलाचा वास येतो, मासे घेऊन निघालेल्या मावशींच्या पाट्या असतात. दोनशे पावलांना अर्धा तास लागतो. पट्टा मात्र सोडायचा नाही, अंगात घालायचा हार्नेस आणि लांब दोरी. वासामागे लागलेला बीगल टँकर बघत नाही.

वास घेऊ देण्याबद्दल एक चांगला छोटा अभ्यास आहे, ड्युराँटन आणि हॉरोविट्झ यांचा, २०१९ चा. वीस पाळीव कुत्रे घेतले. काहींना दोन आठवडे वास शोधायचे खेळ दिले, काहींना मालकाच्या पायाशी नीट चालायचा सराव. त्याआधी आणि त्यानंतर एक वाटी अशा जागी ठेवली की तिच्यात खाऊ असेल की नाही याचा अंदाज येऊ नये. वासाचे खेळ खेळलेले कुत्रे नंतर त्या वाटीकडे आधीपेक्षा लवकर गेले, म्हणजे चांगलंच घडेल अशी त्यांची अपेक्षा वाढली होती. जनावराला 'तू आनंदी आहेस का' असं विचारता येत नाही, तेव्हा प्रश्नाचं रूपांतर एका वाटीत कसं केलं बघा. मोजमापावर काम करणाऱ्या माणसाला अशा वाट्या फार आवडतात.

लाडूचं ओरडणं कमी झालं. बंद नाही, कमी. यातल्या कोणत्या उपायानं, हे मला सांगता येणार नाही, कारण तिन्ही एकदम सुरू केले. गाइडनी विचारलं तेव्हा मी मान खाली घातली. पण बाबांचा पनवेलचा फोन पुन्हा वाजायच्या आत काहीतरी व्हायला हवं होतं. संशोधनाला एकेक गोष्ट बदलणं परवडतं, घराला नेहमी परवडतं असं नाही.

खाण्याचं सांगायलाच हवं. लाडू आला तेव्हा १७ किलोचा होता. या बांध्याच्या बीगलचं वजन साधारण ९ ते १४ किलोत असायला हवं. बरगड्या दिसायला नकोत पण हात फिरवला की हाताला लागायला हव्यात, ही डॉक्टरांनी शिकवलेली खूण. लॅब्राडोरच्या भुकेमागे एका जनुकातला बदल असू शकतो असं २०१६ मध्ये केंब्रिजच्या गटानं दाखवलं, पण तो बदल लॅब्राडोर आणि त्याच्या जवळच्या एका जातीतच सापडला, बीगलच्या खादाडपणाला ते कारण लावू नका. कमी खाल्ल्यानं काय होतं याचा पुरावाही लॅब्राडोरचाच. ४८ कुत्र्यांच्या जोड्या लावून, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न आयुष्यभर दिलं, तर कमी खाणारे सरासरी पावणेदोन-दोन वर्षं जास्त जगले. २००२ साली हे प्रसिद्ध झालं. तेव्हापासून आमच्या घरात "बघ ना कसा बघतोय" हे वाक्य बोलायला बंदी आहे. बेदाणे, चॉकलेट, कांदा हे कुत्र्यांना विषारी, त्यामुळे लाडूला बेदाणे घातलेला लाडू कधीच मिळणार नाही. आईला याचं अजून वाईट वाटतं.

मुंबईचा पावसाळा लोंबत्या कानांना वाईट. कानात ओल राहते, खाज आणि दुर्गंधी सुरू होते, म्हणून आठवड्यातून एकदा कान उघडून बघायचे. गोचीड दिसली की लगेच काढायची, कारण गोचीडताप हा इथल्या कुत्र्यांना होणारा नेहमीचा आणि गंभीर आजार आहे. साचलेल्या पाण्यातून लेप्टो होतो, तो माणसालाही होतो, त्याची लस दरवर्षी. रेबीजची तर आहेच.

एक गोष्ट राहिली, आणि संशोधनात येणाऱ्यांनी ती ऐकायलाच हवी. औषधांच्या सुरक्षिततेच्या चाचण्यांसाठी जगभर सर्वाधिक वापरली जाणारी कुत्र्याची जात बीगल हीच आहे. कारण तो आकारानं लहान, टोळीत राहू शकणारा, आणि माणसानं काहीही केलं तरी सहसा चावत नाही. ज्या स्वभावामुळे तो लहान मुलांच्या घरात शोभतो, त्याच स्वभावामुळे तो पिंजऱ्यात गेला. भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली यावर देखरेख करणारी समिती आहे. उंदरांवरच्या कामाला संस्थेची नीतिसमिती परवानगी देऊ शकते, पण कुत्र्यांसारख्या मोठ्या प्राण्यांसाठी या मध्यवर्ती समितीची परवानगी लागते, आणि काम संपल्यावर त्यांचं पुनर्वसन हाही प्रश्न असतो. २०१६ च्या सुमारास बेंगळुरूच्या एका प्रयोगशाळेतून शंभराहून अधिक बीगल बाहेर आले आणि 'क्यूपा' या संस्थेनं त्यांना घरं शोधून दिली. त्या कुत्र्यांना 'फ्रीगल' म्हणतात. तुमच्या शोधनिबंधात 'प्राणी प्रतिमान' हा शब्द लिहाल तेव्हा त्याला कान असतात एवढं लक्षात असू द्या.

सोसायटीच्या चिटणिसांना मी तीन आठवड्यांची वही दाखवली, त्यांनी फार रस घेतला नाही. पुन्हा पत्र मात्र आलेलं नाही. वजन आता साडेचौदा किलो आहे. किराणावाल्या काकांनी कॅलेंडरवर वासाचे गुण लिहायचं थांबवलेलंच नाही, परवा विचारत होते, "पुढचा महिना पण लिहू ना?" मी हो म्हटलं. गेल्या रविवारी गच्चीवर कोणीतरी सुकट वाळत घातली होती. लाडूला ती चार मजले खालून कळली, आणि भरपाई म्हणून अर्धा किलो सुकट आईनं विकत आणून दिली.